चिंचदरा पात्र ठरलं

‘तारतम्य’ने शीतलला नापास केलं तेव्हा शीतल समोरच बसली होती. पदर सावरून, निऱ्या थोड्या सैल करून ती तयारीत होती. ही सुई पोटाच्या कातडीखाली घ्यायची असते आणि शीतलची ही काही पहिली वेळ नव्हती. डॉ. उर्मिला गर्जे यांनी सवयीने पडद्याकडे पाहिलं. हिरवी खूण उमटायच्या जागी राखाडी अक्षरांत एक ओळ आली: ‘लाभार्थी अपात्र. प्रतिबंध किफायतशीर नाही.’

“काय झालं, ताई?”

“काही नाही. यंत्र अडकलंय वाटतं.”

उर्मिलाने शीतलला पुन्हा चेहरा पडद्यासमोर धरायला लावला. पुन्हा तीच ओळ. कोपऱ्यातली थंड पेटी कुलूपबंदच राहिली. ही पेटी किल्लीने उघडत नसे. ज्या बाईला सुई मंजूर झाली तिचाच चेहरा समोर आला की एक कप्पा सरकायचा आणि एकच कुपी बाहेर यायची. उर्मिला तालुक्याची आरोग्य अधिकारी, पण तिलाही ती पेटी दाद देत नसे. आणि शीतल तर उर्मिलाच्याच धाकट्या भावाची बायको होती, तेव्हा वशिला लावायची सोय असती तरी उर्मिलाला तो लावता आला नसता.

“तू आज जा,” उर्मिला म्हणाली. “मी वर बोलते.”

शीतल उठली. जाताना तिने सवयीने पोटावरून हात फिरवला. मागच्या सुईची गाठ केव्हाच विरून गेली होती.

आता त्या सुईबद्दल थोडं सांगायला हवं. एचआयव्हीचा विषाणू आपली सगळी पुंजी एका कवचात बांधून माणसाच्या पेशीत शिरतो. हे कवच अनेक छोट्या तुकड्यांचं जोडकाम असतं. सुईतलं औषध नेमकं त्या सांध्यांमध्ये जाऊन बसतं. मग कवच उघडायच्या वेळी नीट उघडत नाही आणि नवं बनवायच्या वेळी नीट बनत नाही. विषाणू शरीरात येतो, पण त्याचा संसार थाटला जात नाही. औषध कातडीखाली थिजून हरभऱ्याएवढी गाठ होते आणि सहा महिने हळूहळू विरघळत राहते. वर्षातून दोनदा टोचून घ्यायचं, की झालं. रोजच्या गोळीची डबी लपवायला नको, नवऱ्याच्या हातापाया पडायला नको, कुणाला काही सांगायला नको. बायकांनी या सुईला ‘हरभरा’ असंच नाव ठेवलं होतं. “तुझा हरभरा विरला का गं?” असं त्या एकमेकींना भर बाजारात विचारत आणि पुरुषांना त्यातलं काही कळत नसे.

सुई उत्तम होती, पण सगळ्यांना पुरेल इतकी नव्हती. बाहेरच्या देशांतून येणारी मदत आटली होती आणि सरकार मोजूनमापून खरेदी करत होतं. मग कुणाला द्यायची आणि कुणाला नाही हे ठरवण्यासाठी ‘तारतम्य’ आलं. त्यामागचा हिशेब समजायला सोपा आहे. जिथे वर्षाला शंभरातल्या तिघांना लागण होते, तिथे तेहेतीस-चौतीस जणांना सुई दिली की एक लागण टळते. जिथे हजारात एकाला होते, तिथे एक लागण टाळायला हजार जणांना टोचावं लागतं. एका माणसाच्या जन्मभराच्या उपचारांचा खर्च एका पारड्यात टाका आणि या सुयांचा दुसऱ्यात. पहिल्या ठिकाणी सुई परवडते, दुसऱ्या ठिकाणी नाही. हिशेब खोटा नाही. हातात शंभर कुप्या आणि दारात हजार माणसं असली की कुणाला तरी हा विचार करावाच लागतो. उर्मिलाने जिल्ह्याच्या बैठकीत या यंत्राच्या बाजूने चांगलं टाळ्या घेणारं भाषणही केलं होतं.

फरक एवढाच, की पूर्वी हा विचार माणसं करत, वस्तीत हिंडून, चार बायकांशी बोलून. आता ‘तारतम्य’ करत होतं. तपासण्यांचे निकाल, स्थलांतराच्या नोंदी, कुणाचा फोन रात्री कुठे असतो याची माहिती, सगळं पोटात घेऊन ते दर सहामाहीला, आणि मध्येच नवी लागण नोंदली गेली तर लगेच, प्रत्येक गावाला आणि प्रत्येक माणसाला गुण द्यायचं. उंबरठ्याच्या वर गेलात तर सुई, खाली राहिलात तर नमस्कार. नाव मात्र काय झोकात ठेवलं होतं! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

दुपारी उर्मिलाने वरच्या कार्यालयात फोन लावला. ‘तारतम्य’ची जबाबदारी हर्षद देशमाने नावाच्या तरुणाकडे होती. मुलगा हुशार, बोलायला गोड आणि कामाचा इतका पक्का की त्याचा राग यायलाही वेळ लागावा.

“मॅडम, चिंचदरा गावात दोन वर्षांत एकही नवी लागण नाही,” हर्षद म्हणाला. “शून्य.”

“दोन वर्षं तिथल्या बायकांना सुया मिळाल्या. म्हणून शून्य.”

“शक्य आहे.”

“शक्य काय? घरात मांजर ठेवलं म्हणून उंदीर गेले. आता उंदीर दिसत नाहीत म्हणून तुम्ही मांजर हाकलताय.”

हर्षद मनापासून हसला. “छान आहे हे. पण आम्ही ते धरलंय, मॅडम. उंदीर परत यायला बाहेरून वाट लागते. या गावाला ती वाट नाही. इथले पुरुष घरीच असतात. हे बघा, विवाहित पुरुषांच्या नावावरचे जवळजवळ सगळे फोन रोज रात्री गावातच आहेत. असं स्थिर गाव तुमच्या तालुक्यात दुसरं नाही.”

उर्मिला क्षणभर गोंधळली. चिंचदऱ्यातले पुरुष घरी? ती त्याच गावात जन्मली होती. दीड वीत मातीखाली कातळ असलेलं ते गाव. तिथे पीक निघायचं ते ड्रायव्हरांचं. घरटी एक माणूस गाडीवर. तिचे वडील कांडल्याला जायचे आणि भाऊ सोपान गुवाहाटीला. महिना-महिना, कधी दोन-दोन महिने गावात पुरुषाचा चेहरा दिसायचा तो म्हाताऱ्यांचा नाहीतर पोरांचा. यंत्र भलत्याच गावाची माहिती वाचतंय की काय, असं तिला वाटलं.

मग तिच्या डोक्यात उजेड पडला. सोपानची आठवण आली की ती सोपानचा नंबर लावायची आणि फोन नेहमी शीतल उचलायची. इतक्या वर्षांत त्यात तिला काही वावगं वाटलं नव्हतं, कारण गावात सगळ्यांचंच तसं होतं. गॅस, रेशन, बँक, पोरीची शाळा, सरकारी अनुदान, सगळ्याचे ओटीपी घरधन्याच्या नंबरवर येतात. गॅसवाला दारात उभा असताना गुवाहाटीच्या घाटातल्या नवऱ्याकडून आकडे मागवायचे कसे? म्हणून नावावरचा नंबर घरी बायकोपाशी ठेवायचा आणि गाडीवर जाताना मालकाने दिलेला फोन न्यायचा, ही चिंचदऱ्याची रीत होती. मालक बदलला की तो फोनही बदलायचा. यंत्राच्या लेखी चिंचदऱ्याचे ड्रायव्हर रोज रात्री बायकोच्या उशाशी चार्जिंगला लागलेले असत.

तिने हे हर्षदला सांगितलं.

“इंटरेस्टिंग,” हर्षद म्हणाला.

उर्मिलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “इंटरेस्टिंग? अहो, गावभर बायकांच्या सुया बंद झाल्यात!”

“कळतंय मला, मॅडम. पण एका अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून मी आकडे बदलले तर उद्या प्रत्येक तालुका फोन करेल. त्यासाठी सोय आहे ना. बाईने स्वयंघोषणा द्यायची. पती बाहेरगावी असतो, त्याच्याकडून मला धोका संभवतो, असं. पतीचं नाव, तो चालवतो त्या गाडीचा क्रमांक आणि त्याच्या संमतीचा ओटीपी. गुण लगेच वाढतील.”

“आणि ती माहिती जाते कुठे?”

“आरोग्य साखळीत, म्हणजे दवाखाने आणि विमा कंपन्यांच्या सामायिक नोंदीत. सुरक्षित असते.”

“गाडीचा विमा उतरवणाऱ्यांना दिसते?”

“नाव दिसत नाही,” हर्षद म्हणाला. मग त्याने खरं ते सांगितलं, “गाडीचा क्रमांक दिसतो.”

उर्मिलाने फोन ठेवला. क्रमांक दिसला की विमावाले मालकाचा हप्ता वाढवणार आणि मालक ड्रायव्हर बदलणार. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना खालची शेळी दिसत नाही असं म्हणतात. या उंटावर तर आता कुणी बसलेलंही नव्हतं.

रविवारी ती चिंचदऱ्याला गेली. शीतलच्या ओट्यावर दहा-बारा बायका जमल्या होत्या. त्यांत सोपानची चुलत चुलती कलावंती होती. तिने सबंध आयुष्य ड्रायव्हरची बायको म्हणून काढलं होतं आणि आता तिच्या दोन्ही सुनाही ड्रायव्हरांच्याच बायका होत्या. उर्मिलाने घोषणेचा प्रकार समजावून सांगितला. संमतीचा ओटीपी नवऱ्याच्या नंबरवर येईल म्हटल्यावर बायका एकमेकींकडे बघून खुदकन हसल्या.

“म्हंजी आमच्याच हातात येनार की!” एक जण म्हणाली. “नवरा राजी हाय का म्हनून मलाच इचारनार. मी राजी हाय बाई!”

“हसू नका गं,” कलावंती म्हणाली. “नंबर हातात येईल. पर ल्हेलेलं हातात ऱ्हाईल का? ‘माझ्या नवऱ्यापासनं मला धोका हाय,’ असं गाडीच्या नंबरासकट सरकारला ल्हून द्यायचं. मालकाला कळलं की पयला गाडीवरनं उतरवनार.”

“तसं करायला कायद्याने बंदी आहे, काकी,” उर्मिला म्हणाली.

“बंदी तर हुंड्यालाबी हाय.”

ते उर्मिलालाही ठाऊक होतं. मालक कारण देत नसतो. तो फक्त ‘दुसरा माणूस मिळाला’ म्हणतो. बायका एकेक करून उठल्या. कुणीही घोषणा दिली नाही. नवऱ्याची रोजी की आपलं शरीर, असा प्रश्न समोर ठेवल्यावर चिंचदऱ्याच्या बायका जे उत्तर देणार ते यंत्राला विचारायचीही गरज नव्हती.

शीतल मागे राहिली. तिने चहाचे कप गोळा केले आणि मग उभ्याउभ्याच विचारलं, “ताई, एक इचारू? मी वंगाळ वागले असते तर मिळाली असती का हो सुई?”

उर्मिला पिशवीतले कागद आवरू लागली.

“सांगा की. हायवेच्या ढाब्यामागं ज्या असत्यात त्यांना मिळती ना?”

“मिळते. आणि त्यांना मिळायलाच हवी, शीतल. त्यांच्याशी तुझं भांडण नाही.”

“त्यांच्याशी कशाला भांडू? मी मशीनचं इचारते. मी घर धरून ऱ्हायले, म्हनून माझे गुण कमी. व्हय ना?”

“हो,” उर्मिला म्हणाली. “तुझे गुण कमी.”

“मग माझ्या नवऱ्याचे कुनी मोजले?”

उर्मिलाने वर तीन पत्रं पाठवली. तिन्हींची पोच आली आणि ‘पुढील सहामाही आढाव्यात विचार होईल’ असं छापील उत्तर आलं. त्याच सुमारास केंद्रातल्या थंड पेटीतल्या काही कुप्यांची मुदत संपली. ज्यांना त्या मंजूर होत्या त्या बायका दुसऱ्या जिल्ह्यात निघून गेल्या होत्या आणि चेहरा बदलून कुपी दुसऱ्या कुणाला देता येत नव्हती. नियमाप्रमाणे त्या कुप्या पंचनामा करून नष्ट केल्या. नष्ट करण्याला यंत्राची हरकत नव्हती. सुई शीतलच्या पोटात गेली असती तर ती उधळपट्टी झाली असती. भट्टीत गेली ती नियमात बसली.

चैत्रात भैरोबाची यात्रा आली. चिंचदऱ्याची यात्रा म्हणजे गाड्यांची यात्रा. देशभर पांगलेले ड्रायव्हर काहीही करून त्या दिवशी गाव गाठतात. गावाबाहेरच्या माळावर धुतलेल्या ट्रकांची रांग लागते, बंपरवर नारळ फुटतो आणि प्रत्येकीने आपल्या माणसाच्या गाडीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा असतो. वर्षातून तेवढ्याच रात्री गावातले सगळे फोन आणि त्यांचे धनी आपापल्या छपराखाली एकत्र असतात. शीतलनेही ओवाळलं. सोपान कॅबिनमधून हसत उतरला. पोरीसाठी त्याने आसामातून बांबूची पेटी आणली होती. माणूस वाईट नव्हता. बायकोवर त्याचा जीव होता, आणि महिनाभर रस्त्यावर राहिल्यावर तो जे काही करायचा त्याचा या जिवाशी काही संबंध आहे असं त्याला वाटत नसे.

उर्मिलाने त्याला एकटं गाठलं. शीतल सुई घेत होती हे त्याला माहीत नव्हतं. ती त्याला ‘रक्तवाढीची’ सांगायची, आणि तिचं गुपित फोडायचा अधिकार उर्मिलाला नव्हता.

“सोपान, सगळ्या ड्रायव्हरांना मी सांगतेय, तुलाही सांगते. तपासणी करून घे. बोटातून थेंबभर रक्त, विषय संपला.”

“मला काय धाड भरलीय? शीतल काही बोलली का?”

“ती काही बोलली नाही. मी डॉक्टर म्हणून बोलतेय.”

“ताई, तुझं यंत्र काय म्हणतं? आमचं गाव एकदम क्लीन हाय म्हणे. परवा ग्रामपंचायतीत बोर्ड लागलाय. मग मी कशाला टोचून घेऊ? आणि टोचलं, अन् निघालं काही, तर मालक मला गाडीवर ठेवल? कर्जाचे हप्ते तू भरशील?”

“मग निदान तिच्याजवळ जाताना निरोध तरी वापर.”

मोठ्या बहिणीच्या तोंडून हे ऐकून सोपानच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “काय पन बोलती,” म्हणून तो तडक माळाकडे निघून गेला. त्याला दुसरं मूल हवं होतं. निरोधाचा प्रश्नच नव्हता.

पावसाळा सरता सरता शीतलला दिवस गेल्याचं कळलं. गरोदर बाईच्या रक्ताच्या ज्या नेहमीच्या तपासण्या होतात, त्यांत एचआयव्हीचीही असते. तपासनिसाने निकाल उर्मिलाच्या हातात दिला तेव्हा त्याने दार लोटून घेतलं. उर्मिलाने दुसऱ्या पद्धतीने, मग तिसऱ्या पद्धतीने तपासणी करायला लावली. निकाल बदलला नाही.

ती शीतलला घेऊन आतल्या खोलीत बसली. शेकडो बायकांना तिने हे वाक्य सांगितलं होतं. त्या दिवशी तिला ते नीट बोलता आलं नाही.

शीतल रडली नाही. आधी तिने विचारलं, “बाळाला?”

“बाळाला होऊ द्यायचं नाही. आजपासून गोळ्या सुरू करायच्या. वेळेवर घेतल्यास तर बाळ निरोगी होईल, तुझ्या रक्तातला विषाणूही इतका दबेल की तपासणीत दिसणार नाही, तू म्हातारी होशील. हे मी तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाही, हे खरं आहे.”

“रोज गोळी?”

“रोज. कायम.”

“वर्सातून दोन सुया म्हाग पडत हुत्या,” शीतल म्हणाली. “आता जलमभर रोज गोळी देतील?”

“देतील.”

तेव्हा मात्र शीतलच्या डोळ्यांत पाणी आलं. दुःखापेक्षा ते संतापाचं जास्त होतं आणि ते पाहून उर्मिलाही रडली. डॉक्टरने पेशंटसमोर रडू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांच्या घरात हे घडलेलं नसतं.

सोपानला बोलावून घेतलं. त्याचाही निकाल तोच आला. दवाखान्याच्या आवारात खाली मान घालून तो म्हणाला, “ताई, तू सरळ सांगायचं होतंस मला.”

“सांगितलं होतं,” उर्मिला म्हणाली. त्यापुढे तिने भावाला काही सुनावलं नाही, कारण शीतलनेही सुनावलं नव्हतं. महिन्याभरात मालकाला दुसरा माणूस मिळाला. सोपान तालुक्याला एका पाण्याच्या टँकरवर लागला, आणि यंत्राने जो नवरा कित्येक वर्षं घरी दाखवला होता तो आता खरोखरच रोज रात्री घरी येऊ लागला.

शीतलचा निकाल ‘तारतम्य’मध्ये चढवणं नियमाने भाग होतं. नाव नसतं, फक्त क्रमांक आणि गाव. उर्मिलाने तो चढवला. ती चहाचा कप हातात घेते तोच पडदा उजळला आणि त्यावर हिरवी ओळ झळकली: ‘चिंचदरा: पात्र. अभिनंदन! विवाहित महिलांसाठी प्रतिबंधक मात्रा मंजूर.’

गाव लहान होतं. एवढ्याशा गावातल्या विवाहित बायकांत वर्षात एक नवी लागण म्हणजे प्रमाण उंबरठ्याच्या वर. हिशेब बिनचूक होता. वरात कधीच पुढे निघून गेली होती आणि मागून घोडं मोठ्या थाटात येत होतं.

हर्षदचा फोन लगेच आला. तो खूश होता. “मॅडम, पाहिलंत? तुम्ही म्हणत होता यंत्राला कळत नाही. नवी माहिती मिळाली की कसं चटकन सुधारतं ते!”

“ती माहिती नाही, हर्षद. ती बाई आहे. मी तुम्हाला फोनचं सांगितलं, गाड्यांचं सांगितलं, लेखी दिलं. तेव्हा तुमचं यंत्र ढिम्म हललं नाही. त्याची खात्री पटायला एक बाई आजारी पडावी लागली.”

“मॅडम, मला वाईट वाटतंय, खरंच. पण आता बाकीच्यांना मिळेल ना? एकूण पाहिलं तर फायदाच झाला. फक्त...” तो अडखळला. “मंजूर मात्रा तेवढ्याच आहेत, त्यामुळे यादीतलं शेवटचं गाव आपोआप खाली गेलंय. तुमच्याच तालुक्यातलं आहे. सावरखेडं.”

“सावरखेड्यात काय कमी झालं?”

“काही नाही. तिथे दोन वर्षांत नवी लागण नाही.”

उर्मिलाने त्या संध्याकाळी राजीनामा लिहिला आणि तो फाडून टाकला. ती गेली असती तर तिच्या खुर्चीत असा माणूस आला असता ज्याने तक्रारच केली नसती. तिने शीतलला सगळं सांगितलं, सावरखेड्याचंही. शीतलने ऐकून घेतलं. मग चिंचदऱ्यात दारोदार फिरून, “हरभरा परत आलाय, सोडू नका,” असं बायकांना सांगायचं काम तिने स्वतःहून अंगावर घेतलं. पोट दिसायला लागलं होतं, तरी तिने एक घर सोडलं नाही.

सुया द्यायच्या दिवशी हर्षद स्वतः आला. पहिल्यांदाच तो या भागात पाऊल टाकत होता. त्याला ‘चिंचदऱ्याची यशोगाथा’ नावाची छोटी फिल्म करायची होती. शाळेच्या पडवीत थंड पेटी ठेवली होती आणि बायकांची रांग पार फाटकापर्यंत गेली होती. हर्षदने एका हातात माईक आणि दुसऱ्यात फोन धरून विचारलं, “यांच्यापैकी कोण बोलेल? जरा बोलकी ताई हवी.”

“शीतल!” बायकांनी एका आवाजात सांगितलं. “तिनंच समद्यांना गोळा केलंया.”

त्यांना काही ठाऊक नव्हतं. हर्षदलाही नव्हतं. त्याच्याकडे फक्त क्रमांक होता. त्याने हसून माईक पुढे केला. “ताई, तुम्हाला या सुईचा काय फायदा झाला, दोन शब्दांत सांगा.”

शीतलने उर्मिलाकडे पाहिलं. उर्मिलाने मान हलवून नको म्हटलं. हे कुणाला कळायची गरज नाही, हे तिने शीतलला किती वेळा तरी सांगितलं होतं. शीतलने माईक हातात घेतला.

“मला न्हाई झाला, साहेब,” ती म्हणाली. “मला तुमच्या मशीननं नापास केलं. मंग मला रोग लागला. मंग गाव पास झालं. ह्या समद्या बाया माझ्या मार्कावर पास झाल्यात.”

कुणीतरी तोंडाला पदर लावला. कलावंती रांगेतून बाहेर आली आणि शीतलच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

हर्षदने फोन खाली केला. “म्हणजे तो क्रमांक... तुमचा?”

“व्हय. मीच ती.”

“मला माहीत नव्हतं, ताई. खरंच माहीत नव्हतं.”

“तुमचं चुकलं असं मी कुटं म्हनते? हिशोब बरूबर हाय म्हनत्यात समदे.” शीतलचा आवाज चढला नाही, पण माईकमुळे तो फाटकापर्यंत स्वच्छ ऐकू जात होता. “मंग मला एवढंच सांगा. आमी आत आलो तवा सावरखेडं भाईर गेलं. आता सावरखेडं पास व्हायला तिथली एक बाई लागनार. ती कोन हाय?”

हर्षदने माईक परत घ्यायला हात पुढे केला. शीतलने तो दिला नाही.

“मशीनला इचारा की. त्याला समदं ठावं असतं. तिचं नाव सांगा, साहेब. मी आजच्या आज जाऊन तिला सांगून येते.”